अठरा पत्रे

छप्पर दुरुस्त करायचं तर माणसाकडे शिडी असावी, हातोडी असावी आणि शेजारी नसावेत. ट्रेंबथ मास्तरांकडे शिडी होती, हातोडी होती आणि घराच्या दोन्ही बाजूंना शेजारी होते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टातले. लायनेल ट्रेंबथ यांनी आमच्या बिलबऱ्याच्या पोस्टात तीस वर्षं काढली आणि त्या तीस वर्षांत पिनकोड नसलेलं एकही पत्र गावाबाहेर जाऊ दिलं नाही. एकदा त्यांच्या सासूबाईंनी सिडनीच्या बहिणीला लिहिलेलं पत्र त्यांनी सासूबाईंच्याच दारात परत आणून दिलं होतं, तेही गणवेश घालून. निवृत्तीबरोबर गणवेश गेला, पण नियमाचा मान राहिला. पुढचा सगळा घोटाळा त्या मानापायी झाला. नाहीतर मुळात काम होतं एका पत्र्याचं.

सुरुवात झाली ईस्टरच्या जेवणाला. मुलगी जिलियन आणि जावई ट्रॉय क्वीनबियनहून आले होते. मटण भाजून झालं होतं, पुदिन्याचा सॉस टेबलावर आला होता. बाहेर पश्चिमेचा वारा आणि बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला होता. अशा हवेत बैठकीच्या खोलीत कुठे टपकतं हे घरातल्या माणसांना पाठ होतं. तिथे निळ्या काठाचं एनॅमलचं तसराळं वर्षानुवर्षं ठेवलेलं असे. पण त्या दिवशी टेबल जरा सरकवलं होतं. तसराळ्याच्या जागी जावई आला आणि वरून थेंब बरोबर त्याच्या टकलाच्या मध्यावर पडला.

ट्रॉय सज्जन माणूस. तो म्हणाला, "राहू द्या, राहू द्या." तेवढ्यात दुसरा थेंब पडला.

जिलियनने काटा खाली ठेवला आणि पर्समधून एक रंगीत माहितीपत्रक काढलं. ते तिने येतानाच आणलेलं होतं, हे मास्तरांच्या मनाला फार लागलं. क्वीनबियनला निवृत्त लोकांसाठी घरं होती. दोन खोल्या, पायऱ्या नाहीत, छपराची जबाबदारी संस्थेची.

"बाबा, तुम्ही सत्तरीला आलात. शिडीवर चढून डांबर फासायचे दिवस आहेत का हे?"

"एका पत्र्याचं काम आहे. शनिवारी सकाळी हातासरशी होऊन जाईल."

"हे मी सातवीत असल्यापासून ऐकतेय."

शेवटी तह झाला. जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, राणीच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी येते, तेव्हा जिलियन पुन्हा येणार. त्या दिवशी घरात एक थेंब जरी पडला तरी मास्तरांनी क्वीनबियनच्या अर्जावर सही करायची. मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या पत्नी मेव्हिसबाईंनी सगळ्यांच्या ताटल्या उचलल्या, त्यात ट्रॉयची भरलेली ताटलीही गेली.

मेव्हिसबाईंचा जन्म याच घरातला, पण या जागेवरचा नव्हे. जुनं बिलबरा इथून रस्त्याच्या वळणांनी अकरा मैलांवर होतं, सरळ रेषेत मात्र जवळच, आताच्या तलावात. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली जाणार म्हणून सरकारने घरंच्या घरं ट्रकवर चढवून इकडे आणली. वरचे पत्रे काढले, धुराच्या चिमण्या पाडल्या, घर उचललं आणि नव्या प्लॉटवर ठेवून दिलं. याला चव्वेचाळीस वर्षं झाली. मेव्हिसबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. ट्रकवरच्या आपल्या घरामागून त्या सायकलवर आल्या. त्या घरातून त्यांच्यावर आता दोन खोल्यांत जायची वेळ आली होती.

ईस्टरनंतरच्या पहिल्याच शनिवारी मास्तरांनी शिडी लावली. तिसऱ्या पायरीवर पोचतात न पोचतात तोच उजव्या कुंपणावर केव्ह डनिक्लिफ उगवला. केव्हने आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरली आणि उरलेल्या वेळात लोकांची कामं उभ्याने पाहिली. आमच्याकडे कुणी शिडी लावली की दोन्ही खिशांत हात घालून वर बघत राहणं हा शेजारधर्म समजला जातो.

"मास्तर, एकच पत्रा बदलताय?"

"एकच गंजलाय."

"एक काढलात की शेजारचा फाटेल. शेजारचा काढलात की त्याच्या शेजारचा. माझ्या मेव्हण्याने असाच एक पत्रा काढला होता. आता तो तंबूत राहतो."

डाव्या कुंपणावर ड्रागो पावलिच आला. ड्रागो तरुणपणी स्लोव्हेनियाहून धरणाच्या बोगद्यात काम करायला आला आणि इथेच राहिला. आमच्या देशातल्या छपरांबद्दल त्याचं मत वाईट होतं आणि ते तो कुणालाही फुकट देत असे.

"लायनेल, हे छप्पर नाही. हे झाकण आहे. माझ्या गावात छप्पर असं उभं असतं," त्याने हात जवळजवळ सरळ आकाशाकडे केला. "बर्फ बसतच नाही. बसायला गेलं तर पडतं."

"मागच्या उतारावर तर कधी गळत नाही," मास्तर वरून म्हणाले. "तिकडचे पत्रे सत्तर साली वादळात उडाले, ते नवे घातले. गळतं ते पुढच्या, तलावाकडच्या बाजूला. जुना माल, दुसरं काय!"

मागची बाजू का गळत नाही याचा विचार तिघांपैकी एकानेही तेव्हा केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण केव्हला चहाची आठवण झाली, ड्रागोला उतारांवर आणखी बोलायचं होतं, आणि मास्तरांच्या मनात वेगळंच आलं होतं. एकाच्या जागी तीन-चार पत्रे बदलायचे, तर नगरपरिषदेची परवानगी नको का?

"परवानगी?" केव्ह घाबरलाच. "अहो, छप्पर वर असतं. खालून कुणाला दिसतं?"

मास्तर म्हणाले, "प्रश्न दिसण्याचा नाही."

फॉर्म नऊ पानी होता. मास्तरांनी तो दोन दिवस लावून, काळ्या शाईत, एकाही खाडाखोडीशिवाय भरला. असा फॉर्म नगरपरिषदेत फार दिवसांनी आला असावा, कारण तो त्यांनी वाचला. सातव्या पानावर प्रश्न होता, 'सदर घर पूर्वी कधी हलवण्यात आले होते काय?' मास्तरांनी खरं ते लिहिलं. होय, अकरा मैल.

"होय लिहिलंत?" केव्हने डोक्यावरची टोपी काढली, मयताच्या वेळी काढतात तशी. "मास्तर, अख्ख्या बिलबऱ्याची घरं ट्रकवरून आलीत. गेल्या चव्वेचाळीस वर्षांत एका माणसाने तिथे 'होय' लिहिलेलं नाही!"

"पण हलवलं होतं ना?"

"हलवलं होतं हो! पण लिहायचं असतं का ते?"

त्या एका शब्दाने मास्तरांची फाईल दुरुस्तीच्या टेबलावरून उठून जुन्या इमारती जपणाऱ्या वारसा समितीच्या टेबलावर गेली. आठवड्याने पत्र आलं की मूळ जागेची पाहणी करायची आहे, तरी ती खुली ठेवावी. मास्तरांनी नम्रपणे कळवलं की मूळ जागा सध्या नव्वद फूट पाण्याखाली आहे. उलट टपाली विचारणा आली, 'सध्या म्हणजे कधीपर्यंत?' यावर काय उत्तर द्यावं या विचारात मास्तरांनी दोन रात्री काढल्या. शेवटी त्यांनी लिहिलं, 'धरण असेपर्यंत.' दरम्यान एप्रिल संपला आणि मे निम्मा सरला. तसराळं दोनदा भरून वाहिलं.

वारसा समिती म्हणजे प्रत्यक्षात मिस इव्हॅडनी स्प्राउल. बाकीचे सदस्य होते, पण बोलत नसत. मे संपता संपता मिस स्प्राउल स्वतः आल्या, अंगणात उभ्या राहून त्यांनी छपराकडे पाहिलं आणि हुकूम सांगितला.

"मिस्टर ट्रेंबथ, रंगीत पत्रा चालणार नाही. गंजलेले तीन बदला, तेही साध्या जस्ताच्या पत्र्याने. बाकीचे जुनेच वापरायचे. आणि सगळे मूळ क्रमाने, मूळ रचनेप्रमाणे. जसं होतं तसं."

"जसं होतं तसंच होईल, मिस स्प्राउल." मास्तरांना हा शब्द मनापासून आवडला.

जूनच्या पहिल्या शनिवारी अर्धं गाव मदतीला जमलं. आमच्याकडे अशा कामाला मजुरी नसते, जेवण असतं. मेव्हिसबाईंनी भोपळ्याचं सूप केलं होतं, केव्ह अंगणात सॉसेज भाजत होता आणि भाजता भाजता अर्धी संपवत होता. शिशाच्या टोपीचे खिळे एकेक करत निघाले. पहिला पत्रा खाली आला, ड्रागोने तो उलटा केला आणि ओरडला, "लायनेल! नंबर!"

पत्र्याच्या पोटावर लाल रंगाने मोठा एकचा आकडा काढलेला होता. दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. घर हलवताना मेव्हिसबाईंच्या वडिलांनी तलावाकडचे अठराही पत्रे असे क्रमाने नोंदवून ठेवले होते. मास्तरांनी तो एकचा आकडा बोटाने गिरवून पाहिला. सासऱ्यांशी त्यांचं हयातीत कधी फारसं जमलं नव्हतं. पण हा माणूस मनाने पोस्टातलाच होता हे आज त्यांना कळलं.

दुपारभर मास्तर हातात यादी घेऊन खाली उभे होते. "नंबर एक!" ते पुकारत. "नंबर एक," वरून केव्ह पोच देई. पश्चिमेच्या टोकाला एक नंबर बसला, त्याच्या कडेवर दोनची कड, दोनवर तीनची. गंजलेल्या तिघांच्या जागी नवे आले आणि त्यांच्या पोटावरही मास्तरांनी लाल रंगाने आकडे काढले. चार वाजता पूर्वेच्या टोकाला अठरा नंबर बसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी छोटं भाषण केलं. ते इतकं छोटं नव्हतं.

सोमवारी दुपारी पश्चिमेचा वारा उठला. ओलं, जड बर्फ आडवं येऊ लागलं. मास्तर बैठकीच्या खोलीत पाय पसरून बसले, कुतूहलाने वर बघत. तसराळं मेव्हिसबाईंनी कपाटात ठेवून दिलं होतं. दहा मिनिटांनी त्यांनी ते बाहेर काढलं. अर्ध्या तासाने दोन पातेली काढली. मग केक भाजायचा ट्रे काढला. छप्पर पूर्वी एका जागी गळत होतं, आता चार जागी गळू लागलं, कारण डांबराची सगळी जुनी ठिगळं साफ करून टाकली होती.

त्यानंतर गाव मास्तरांशी अतिशय सभ्यपणे वागू लागलं. बेकरीत कुणी त्यांच्यासमोर हवेचा विषय काढेना. केव्ह कुंपणाशी आला तो नुसताच खोकून परत गेला. तोंडावर कुणी हसलं असतं तर मास्तरांनी सहन केलं असतं, पण ही दया त्यांना गिळवेना. मंगळवारी सकाळी त्यांनी माहितीपत्रक शोधून काढलं आणि चष्मा लावून वाचायला घेतलं. स्वयंपाकघरात मेव्हिसबाई आईचे चहाचे कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"आत्ताच कशाला?" मास्तर म्हणाले.

"फुटतात गं बाई घाईत बांधले की," त्या स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या. मास्तरांना फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला एकच गोष्ट कबूल केली होती, की या घरातून तुला कुणी हलवणार नाही. आणि तीही त्यांच्याच्याने पुरी होत नव्हती.

तेवढ्यात ड्रागो न विचारता आत आला. हातात अक्रोडाचा रोल होता. त्याने तो टेबलावर ठेवला आणि मास्तरांना बाहीला धरून अंगणात नेलं. छपरावर कालचं बर्फ अजून होतं.

"बघ. प्रत्येक जोडाच्या फटीत बर्फ घुसलंय. का घुसलं? कड वाऱ्याकडे तोंड करून आहे. दोन नंबरची कड एक नंबरच्या वर, आणि वारा येतो एक नंबरच्या बाजूने. वारा सरळ कडेखाली शिरतो, पाणी घेऊन शिरतो. आंधळा माणूस पण असा पत्रा घालणार नाही. वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून सुरुवात करतात! मागचे नवे पत्रे बघ, तसेच घातलेत, म्हणून ते गळत नाहीत."

"पण क्रम बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मूळ क्रम आहे. सासरे चोख माणूस होते."

"चोख माणूस असं करणार नाही."

दारात उभ्या मेव्हिसबाई एकदम म्हणाल्या, "जुन्या गावात एक नंबर पूर्वेलाच होता."

दोघेही वळले.

"घर उलटं ठेवलंय ना इथे," त्या म्हणाल्या. "जुन्या गावात व्हरांडा रस्त्याकडे होता. इथेही तसाच येणार होता. पण ट्रक आला तेव्हा आई रस्त्यात उभी राहिली. म्हणाली, व्हरांडा तलावाकडे झाला पाहिजे, नाहीतर मी घरात पाऊल टाकणार नाही. बाबांनी घर पुरतं फिरवून घेतलं. मग तिचं बघून निम्म्या गावाने आपापली घरं तशीच फिरवून घेतली. पत्रे आपले नंबराप्रमाणे चढले. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, उलटं बसलं, सगळं उलटं बसलं. मला वाटायचं, व्हरांड्याबद्दलच बोलतायत."

"चाळीस वर्षं मी डांबर फासतोय, मेव्हिस!"

"तू विचारलंस कधी, घर कुठल्या तोंडाने होतं म्हणून?"

हे मास्तरांनी खरोखरच विचारलं नव्हतं. फॉर्ममध्येही तो प्रश्न नव्हता.

उपाय सोपा होता. पत्रा ज्याचा त्याच्या जागी ठेवायचा, फक्त घालायला सुरुवात पूर्वेकडून करायची. आधी अठरा, त्यावर सतराची कड, त्यावर सोळाची. पण परवानगीत शब्द होते 'मूळ क्रमाने.' केव्ह म्हणाला, गुपचूप उलटे घाला, त्या बाईला काय कळतंय. मास्तरांनी कोट घातला आणि ते मिस स्प्राउल यांच्याकडे गेले.

मिस स्प्राउल यांचं घरही जुन्या गावातलंच, आणि त्याचंही तोंड तलावाकडे. त्यांनी मास्तरांना सोफ्यावर बसवलं आणि सगळं ऐकून मान हलवली.

"नाही, मिस्टर ट्रेंबथ. एक ते अठरा म्हणजे एक ते अठरा. आज तुम्ही क्रम बदलाल, उद्या कुणी चिमणी बदलेल."

"जुन्या गावात सुरुवात पूर्वेकडून होती," मास्तर म्हणाले. "आता पश्चिमेकडून आहे. आपला हुकूम 'जसं होतं तसं' असा आहे. जसं होतं ते जुन्या गावात होतं. इथे जे आहे ती चूक आहे." आयुष्यात पहिल्यांदाच ते एका नियमाशी भांडत होते. त्यांचे कान लाल झाले होते. "चुकीला वारसा म्हणता येणार नाही, मिस स्प्राउल."

मिस स्प्राउल काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात सोफ्यामागून आवाज आला, टप. खिडकीबाहेर पश्चिमेचा वारा होता. थोड्या वेळाने पुन्हा, टप. हा आवाज मास्तर झोपेतही ओळखत. एनॅमलचं भांडं, साधारण अर्धं भरलेलं. ते सभ्य माणूस. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळ छान आहे असं सांगितलं.

मिस स्प्राउल यांनी पेन उघडलं आणि परवानगीवर दुरुस्ती लिहून सही केली.

गुरुवारी पुन्हा लोक जमले, पुन्हा सूप झालं, आणि या वेळी मास्तरांनी अठरापासून खाली पुकारलं. सूर पडलेला होता, पण यादी हातात होती. भाषण कुणी मागितलं नाही आणि त्यांनी केलंही नाही.

शनिवारी जिलियन आणि ट्रॉय आले. अर्ज जिलियनच्या पर्समध्ये होता. ट्रॉयने येतानाच टोपी घातली होती आणि ती त्याने जेवतानाही काढली नाही. दुपारी दोनला वारा सुटला, त्याच पश्चिमेकडून, आडव्या बर्फासकट. पत्रे थडथडू लागले. चौघंही बैठकीच्या खोलीत जाऊन बसली. मध्ये तसराळं होतं. मास्तरांचा चहा गार झाला. तीन वाजले. मेव्हिसबाई विणकाम हातात घेऊन बसल्या होत्या, पण एक टाका पुढे सरकला नव्हता. साडेतीनला ट्रॉयने हळूच टोपी काढली आणि खुर्ची सरकवून बरोबर त्या जागेखाली जाऊन बसला. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असं मास्तरांना त्या क्षणी वाटलं.

चार वाजता वारा पडला. तसराळं कोरडं होतं.

जिलियन उठून व्हरांड्यात गेली. मेव्हिसबाई मागोमाग गेल्या. समोर तलाव करडा पसरला होता.

"आजीला इथून नक्की काय दिसायचं गं, आई?"

"काही नाही. पाणी."

"त्यासाठी तिने घर फिरवून घेतलं?"

"त्या तिकडे, वाळक्या झाडांच्या पलीकडे, आपलं घर होतं. म्हणजे हेच घर. त्याची जागा तिथे आहे. रोज संध्याकाळी आई इथे बसून तिकडे बघायची. एकदा दुष्काळात पाणी फार खाली गेलं तेव्हा आपल्या जिन्याच्या तीन पायऱ्या वर आल्या होत्या. आईने मला हाक मारून दाखवल्या." मेव्हिसबाईंनी कठड्यावरचं बर्फ हाताने झाडलं. "मी अजून बघते, उन्हाळ्यात. न जाणो."

जिलियनने वाळक्या झाडांच्या पलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "क्वीनबियनच्या त्या घराला दोन खिडक्या आहेत. दोन्हीतून गाड्या लावायची जागा दिसते." आणि तिने नाक पुसलं, आईचा हात धरला. अर्ज पर्समधून बाहेर आलाच नाही. आतून हे ऐकणाऱ्या मास्तरांनी गार चहा एका घोटात पिऊन टाकला. डोळे मात्र त्यांनी भिंतीकडे वळवून पुसले.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पायरीवर मिस इव्हॅडनी स्प्राउल उभ्या होत्या. हॅट भिजून खाली आली होती आणि कोटाखाली त्यांनी एक एनॅमलचं भांडं धरलं होतं. त्यांच्यामागे फाटकाशी केव्ह होता, त्याच्यामागे बेकरीवाल्या बाई, आणि आणखी दोघंतिघं. सगळे आभाळाकडे बघत असल्याचं दाखवत होते.

"मिस्टर ट्रेंबथ," मिस स्प्राउल म्हणाल्या, "माझ्या पत्र्यांच्याही पोटावर आकडे आहेत. बावीस आहेत."

मास्तर ताठ उभे राहिले. गेल्या आठवड्यात खाली गेलेली त्यांची मान पूर्ववत झाली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कानावर खोचली आणि पोस्टाच्या खिडकीतून विचारत असल्यासारखं विचारलं, "नगरपरिषदेचा फॉर्म भरलात?"

"कालच भरला."

"सातवं पान? घर पूर्वी कधी हलवलं होतं काय?"

मिस स्प्राउल यांनी मागे वळून फाटकाकडे पाहिलं. मग भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मी 'नाही' लिहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा खिशात ठेवली. मग ते शिडी काढायला गेले.